तीनशे बारा की तीनशे चौदा

तो पक्षी पहिल्यांदा आईला दिसला, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे याच मुद्द्यावर बरेच कागद रंगले. तारीख अकरा डिसेंबर, वेळ सकाळी सात वाजून अठरा मिनिटं. वेळ बाबांच्या वहीतून घेतली आहे. बाबा बस आगारात वाहतूक नियंत्रक होते. निवृत्तीनंतर नियंत्रणात ठेवायला वाहतूक उरली नाही, म्हणून ते घरातल्या माणसांची आणि दारातल्या प्राण्यांची येण्याजाण्याची वेळ लिहून ठेवतात. माझ्या नावापुढे त्यांच्या वहीत 'उशीर' हा शब्द इतक्यांदा आला आहे की हल्ली ते नुसता 'उ' लिहितात.

मी त्या वेळी दात घासत होते. आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाली, "अगं, बाहेर कुणीतरी मफलर घालून बसलंय."

आमच्या मागच्या अंगणात एका खांबावर जुन्या टेबलाचा खण ठोकलेला आहे. बाबांनी ठोकला आहे, त्यामुळे तो जरा डावीकडे कललेला आहे. बाबांच्या मते खण सरळ आहे, अंगण उजवीकडे चढतं. त्यात आई रोज सकाळी धान्य आणि सूर्यफुलाच्या बिया टाकते. गिऱ्हाईक ठरलेलं: चिमण्या आणि एक लंगडं कबूतर. मी ब्रश तोंडात धरून खिडकीशी पोचले तेव्हा खणात लंगडं कबूतर होतं आणि त्याच्या गळ्यात काही नव्हतं.

"गेला," आई म्हणाली.

"सात तेवीस," बाबा म्हणाले.

तिसऱ्या दिवशी मी आधीच खिडकीशी जाऊन उभी राहिले आणि मला तो दिसला. चिमणीपेक्षा थोडा मोठा, पाठ राखट तपकिरी, डोळ्यावर फिकट भुवई आणि गळ्याभोवती विटकरी रंगाचा पट्टा, अगदी कुणी थंडीसाठी गुंडाळून दिल्यासारखा. मी फोनवर एक्केचाळीस फोटो काढले. त्यांपैकी अडतीस फोटोंत आमचं कुंपण फार सुरेख आलं आहे. उरलेल्या तीन फोटोंत कुंपणापुढे एक डाग आहे.

वाचनालयातून पक्ष्यांचं जाडजूड पुस्तक आणलं. त्यात प्रत्येक पक्ष्याला क्रमांक दिलेला आहे. तासाभरात एवढं नक्की झालं, की आमचा पाहुणा भारीट कुळातला आहे आणि तो एकतर तीनशे बारा आहे नाहीतर तीनशे चौदा. तीनशे बारा हिवाळ्यात शेतांत आणि माळांवर थव्यांनी उतरतो. घराच्या बागेत क्वचित येतो, पण येतो. तीनशे चौदाच्या पुढे लिहिलं होतं: 'या जिल्ह्यात नोंद नाही.' थंडीच्या दिवसांत दोघांची पिसं सारखी, पट्टा सारखा, भुवईसुद्धा सारखी. फरक एकच. तीनशे बाराची लांबी चोचीपासून शेपटीपर्यंत साडेपंधरा सेंटिमीटर, तीनशे चौदाची साडेसोळा.

हे वाचून मला जो आनंद झाला तो समजण्यासाठी माझी नोकरी सांगायला हवी. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून मी वजनमापं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कनिष्ठ तपासनीस म्हणून लागले होते, सहा महिन्यांच्या परिवीक्षेवर. दुकानदारांचे तराजू, सुतारांच्या पट्ट्या, कापडवाल्यांचे गज खरे आहेत की नाहीत हे मी तपासते. म्हणजे जगात ज्या एका प्रश्नाचं उत्तर द्यायला मी पात्र होते, नेमका तोच प्रश्न आमच्या खणात येऊन दाणे टिपत होता.

आईला या सगळ्यात रस नव्हता. तिला तो मफलरवाला होता आणि तेवढं पुरेसं होतं. पण जिल्ह्याच्या पक्षीनोंद समितीचं परिपत्रक वाचताना मी मोठ्यांदा वाचलं, की एखाद्या पक्ष्याची जिल्ह्यातली पहिली नोंद असेल, तर वार्षिक अहवालात ती चौकटीत छापतात आणि त्याखाली प्रथम निरीक्षकाचं पूर्ण नाव देतात.

आईचा हात थांबला. "पूर्ण म्हणजे?"

"पूर्ण. नाव, मधलं नाव, आडनाव."

आई एकतीस वर्षं सरकारी कचेरीत टंकलेखिका होती. बढत्यांच्या याद्या, अभिनंदनाची पत्रं, सत्कारांची निमंत्रणं, सगळी तिनं टाइप केली. त्यात हजारो नावं होती आणि तिचं एकही नव्हतं. फक्त प्रत्येक पत्राच्या तळाशी डाव्या कोपऱ्यात, हे कुणी टाइप केलं ते कळावं म्हणून, तिची दोन आद्याक्षरं असत. चूक निघाली की कुणाला बोलवायचं हे कळण्यासाठी ती सोय होती.

"मधलं नाव माझ्या वडलांचं द्यायचं की यांचं?" आईनं विचारलं.

"आधी पक्षी कोण आहे ते ठरू दे," मी म्हणाले.

"ते तू ठरव. तू शिकली आहेस."

समितीचा अर्ज सव्वीस रकान्यांचा होता. उजेड कुठल्या बाजूने होता, निरीक्षकाला चष्मा आहे काय, असल्यास त्या वेळी लावला होता काय. मला सगळ्यात आवडला तो रकाना पंचवीस: 'निरीक्षकाने हा पक्षी पूर्वी पाहिला आहे काय? नसल्यास, हा तोच आहे हे कशावरून?' इतका नेमका प्रश्न मला विद्यापीठात कुणी विचारला नव्हता. रकाना अकरामध्ये लांबी लिहायची होती आणि ती कशी मोजली हेही.

उडणारा जीव मोजायचा तर पट्टी त्याच्यापाशी न्यायला हवी. मी इंटरनेटवरून वीस सेंटिमीटरची पट्टी उतरवून घेतली, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे छापली आणि प्लास्टिकमध्ये घालून खुणांच्या कडेने कापून घेतली. झेरॉक्सवाल्यानं विचारलं, "शाळेसाठी का?" मी म्हटलं, "पक्ष्यासाठी." त्यानं पैसे सांगितले. पट्टी खणाच्या आतल्या कडेला चिकटवली. आता पक्षी कडेवर आडवा बसला आणि त्या क्षणी चांगला फोटो मिळाला, की काम झालं. उरला प्रश्न कॅमेऱ्याचा.

चांगला कॅमेरा शेजारच्या दंतवैद्यांकडे होता. रुग्णांच्या दाढांचे फोटो काढण्यासाठी त्यांनी तो घेतला होता. काका मदतीला एका पायावर तयार झाले, पण त्यांचं स्वतःचं मत होतं. "लांबीचं काय घेऊन बसलीस? चोच बघ. माणसाचं असो की पाखराचं, सगळं तोंडात असतं."

"काका, दोघांची चोच सारखीच आहे."

"सारखी दोन तोंडं मी तीस वर्षांत पाहिली नाहीत."

दुसरं मत पलीकडच्या मांजरवाल्या मावशींचं होतं. त्यांचं मांजर सहा वाजल्यापासून आमच्या भिंतीवर खणाकडे डोळे लावून बसत असे. आईनं त्यांना विनंती केली की आठपर्यंत त्याला घरात ठेवा.

"तुमच्या पाहुण्यासाठी मी माझ्या घरच्याला कोंडू?" मावशी म्हणाल्या.

"पाहुणा बाहेरचा आहे हो, चार दिवसांचा. परदेशातून आलाय."

"मग त्याला सांगा, इथं मांजरं असतात."

शेवटी मावशी रोज सकाळी मांजर कडेवर घेऊन आमच्या अंगणात येऊन उभ्या राहू लागल्या. त्याला कोंडायचं नाही आणि सोडायचंही नाही, असा तो तोडगा होता.

दंतवैद्य काका दाढेपासून वीतभर अंतरावर काम करणारे. कॅमेराही त्याच सवयीचा. लांबून त्याला काही दिसत नसे. म्हणून काकांना खणाच्या जवळ लपवणं भाग होतं. आईनं दोरीवर दोन चादरी वाळत घातल्या आणि त्यांच्यामध्ये चार बोटं फट ठेवली. (काकांना एकाच चादरीला भोक पाडायचं होतं. आईनं नुसतं त्यांच्याकडे पाहिलं.) पहिल्या दिवशी चादरी ओल्या होत्या आणि काकांना शिंका आल्या. दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्याच्या तोंडाभोवतीचा गोल दिवा लागला आणि पट्टीचं प्लास्टिक असं चमकलं की फोटोत सूर्योदय झाल्यासारखं दिसतं. लंगडं कबूतर घाबरून मावशींच्या अंगावर गेलं, मांजरानं झेप घेतली, ती चुकली आणि चादर खाली आली. चादरीखाली काका होते. बाबांनी वहीत लिहिलं, 'सेवा खंडित.'

तिसऱ्या दिवशी मात्र सगळं जुळून आलं. सात एकवीसला मफलरवाला आला, कडेवर आडवा बसला, चोच शून्याच्या खुणेला लावल्यासारखी पुढे केली आणि काकांनी बटण दाबलं. फोटो स्वच्छ होता. शेपटीचं टोक सोळा पूर्णांक सहावर.

मी तरी शहाणपणानं वागले असं मला वाटत होतं. कॅमेऱ्याचा कोन, पक्ष्याचं पट्टीपासूनचं अंतर, शेपटीच्या टोकाची अस्पष्टता, सगळं हिशोबात धरून मी रकाना अकरामध्ये लिहिलं: 'सोळा पूर्णांक सहा सेंटिमीटर, अनिश्चितता दोन मिलिमीटर.' अनिश्चितता लिहिणारा अर्जदार समितीला या आधी भेटला नसावा. तीनशे चौदा. जिल्ह्यातली पहिली नोंद.

आईनं स्वतःचं नाव एका कोऱ्या कागदावर टाइप करून मला दिलं. "छापताना वेलांटी चुकवतात," ती म्हणाली. "हा कागदच जोड." मधलं नाव वडलांचं होतं. बाबांनी ते वाचलं आणि चष्मा पुसला.

समितीचे सचिव म्हणजे शहरातले एक औषधविक्रेते. समितीचं काम ते गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळेत करत. त्यांचं उत्तर आठवड्यात आलं. अर्ज विचारार्थ स्वीकारला होता. दोन गोष्टी हव्या होत्या. पहिली, कुटुंबाबाहेरच्या दोन साक्षीदारांचे जबाब. दुसरी, 'मोजपट्टी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून प्रमाणित केल्याचा दाखला.'

साक्षीदार अंगणातच होते. दंतवैद्यांनी दोन पानं लिहिली, त्यांतलं दीड पान चोचीवर. मावशींच्या जबाबात 'पक्षी दिसला त्या वेळी आपण काय करत होता?' या प्रश्नाला उत्तर होतं: 'मांजर धरून होते.' 'पक्षी नेमका कोणता होता असे आपले मत आहे?' याला उत्तर: 'त्यांचा.'

आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळा जिल्ह्यात एकच होती. माझी.

सोमवारी मी पट्टी खणावरून हलक्या हातानं सोडवली, पाकिटात घातली आणि आमच्याच कचेरीच्या आवक खिडकीपुढे रांगेत उभी राहिले. मागच्या दारानं आत जाता आलं असतं, पण नियम तो नियम. खिडकीवरच्या बाई माझ्याबरोबर रोज डबा खातात.

"काय आहे?" त्या म्हणाल्या, मला कधी पाहिलंच नसल्यासारख्या.

"पट्टी. तपासणीला."

"प्रकार? लाकडी, धातूची, कापडी?"

"कागदी."

"कागदी असा प्रकार नाही."

"वर प्लास्टिक आहे, मॅडम."

त्यांनी पट्टी उलटसुलट केली. "प्लास्टिक पण नाही. वाकते ना? मग कापडी." त्यांनी शिक्का मारला. "मापाचा उपयोग?"

"पक्षी."

"विक्रीसाठी?"

"नाही हो. बघण्यासाठी."

"'वैयक्तिक' लिहिते," त्या म्हणाल्या. "डब्यात काय आणलंयस आज?"

दुपारी तीन वाजता ती पट्टी रीतसर नोंदणी क्रमांक घेऊन माझ्या टेबलावर आली. स्वतःचं माप स्वतः तपासायचं नाही असा आमच्याकडे नियम आहे. मुख्य तपासनीस साहेब प्रशिक्षणाला परगावी गेले होते. मी त्यांना फोन केला आणि अडचण सांगितली.

"तुझीच पट्टी?" साहेब म्हणाले. "मग तर तूच कर. दुसऱ्याची चूक काढायला कुणालाही येतं. मी तशी लेखी परवानगी पाठवतो."

"चूक नसेल साहेब. नुसता दाखला हवाय."

"बरं," साहेब म्हणाले. त्यांच्या 'बरं'मध्ये मला तेव्हा काही ऐकू आलं नाही.

आमच्या मापन खोलीत तापमान वीस अंशांवर ठेवलेलं असतं. मधोमध काळ्या दगडाचं टेबल, त्यावर पोलादी प्रमाण पट्टी, वर सूक्ष्मदर्शक. तपासायची पट्टी शेजारी ठेवायची, शून्याला शून्य जुळवायचं आणि दुसऱ्या टोकाला जाऊन बघायचं. मी शून्य जुळवलं. दुसऱ्या टोकाला गेले. माझ्या पट्टीवर वीस होते, पोलादावर अठरा पूर्णांक आठ.

मला वाटलं, शून्य सरकलं. पुन्हा जुळवलं. अठरा पूर्णांक आठ. सूक्ष्मदर्शकाची काच पुसली. अठरा पूर्णांक आठ. नियमाप्रमाणे दहा वेळा मोजायचं असतं. नवव्यांदा मी जरा आशेनं मोजलं.

कारण कळायला अवघड नव्हतं. झेरॉक्सवाल्याच्या यंत्रावर 'पानात बसवा' अशी एक खूण असते. ती न विचारता लागलेली असते आणि प्रत्येक गोष्ट पानात बसावी म्हणून थोडी लहान करते. माझ्या पट्टीवरचा प्रत्येक सेंटिमीटर साडेनऊ मिलिमीटरलाही पुरा पडत नव्हता. आखूड पट्टीवर पक्षी लांब दिसतो. सोळा पूर्णांक सहाचे खरे झाले पंधरा पूर्णांक सहा. मी मोठ्या अभिमानानं अनिश्चितता दोन मिलिमीटर लिहिली होती. चूक दहा मिलिमीटरची होती.

नोकरीच्या पहिल्या आठवड्यात साहेबांनी एकच वाक्य शिकवलं होतं: कुठल्याही पट्टीवर, ती दुसऱ्या पट्टीशेजारी ठेवल्याशिवाय, विश्वास ठेवायचा नाही. हे वाक्य मी स्वतः कितीतरी सुतारांना आणि कापडवाल्यांना ऐकवलं आहे. एका म्हाताऱ्या शिंप्याचा घासलेला टेप नापास करताना मी त्यांना पाच मिनिटं उपदेश केला होता आणि ते बिचारे मान हलवत राहिले होते. त्या मापन खोलीत मला त्या शिंप्याचा चेहरा आठवला. ते माझ्याकडे पाहत होते आणि मान हलवत नव्हते.

निकालपत्रात शेवटी दोन चौकोन असतात, 'योग्य' आणि 'अयोग्य'. मी पेन घेऊन बसले. खोटं लिहायचा विचार आला असं म्हणणार नाही, पण त्याच्या आजूबाजूचे विचार आले. कागद दमटपणानं बदलतो. अंगणातली थंडी आणि इथले वीस अंश सारखे नाहीत. पट्टी सोडवताना ओढली गेली असेल (ओढल्यावर वस्तू लांब होते, आखूड नाही, हे लगेच लक्षात आलं, शिक्षणाचा हा तोटा आहे). आणि साहेब परगावी होते. आणि आईनं टाइप केलेला तो कागद अर्जाला जोडलेला होता.

मी 'अयोग्य'वर खूण केली आणि सही केली. सही नेहमीपेक्षा लहान आली; मोजली नाही.

घरी आईला सांगितलं. ती शेंगा सोलत होती. मी यंत्र, टक्केवारी, सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग वकिली सुरू केली.

"म्हणजे एका सेंटिमीटरचा प्रश्न आहे."

"हो."

"एवढं तर कापड धुतल्यावर आटतं."

"पक्षी आटत नाही, आई."

"थंडीत मान आखडते. माझी आखडते. त्यानं मान आत घेतली असेल तर?"

"त्यानं मान पुढे काढली होती. फोटोत दिसतंय."

"मग अजून वाढायच्या वयाचा असेल."

"पुस्तकात लिहिलंय, पूर्ण वाढ झालेल्याचीच पिसं तशी असतात."

आईनं एक शेंग सोलली. दाणे बाजूला ठेवले. "तू खरं तेच लिहून आलीस ना?"

"हो."

"सही केलीस?"

"केली."

"मग आता मला कशाला पटवत बसली आहेस," आई म्हणाली. पुढची शेंग उचलून म्हणाली, "तो कागद परत मागव. कोरा कागद होता, चांगला."

बाबा वर्तमानपत्राआडून बोलले. "गाडी तीच आहे. फक्त पाटी बदलली."

कुणी हसलं नाही म्हणून त्यांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. "तसा मला संशय होताच. तो खण आतून एकोणीस सेंटिमीटर आहे. मीच कापलाय. तुझी वीस सेंटिमीटरची पट्टी त्यात बसली आणि वर जागा उरली."

"मग बोलला का नाहीत?"

"मी वेळ बघतो," बाबा म्हणाले. "लांबी तुझ्याकडे होती."

यानंतर नोंद मागे घ्यायची होती. नोंद करायला सव्वीस रकाने होते. मागे घ्यायला अर्जच नव्हता. औषधविक्रेते सचिव फोनवर म्हणाले, की आजवर कुणी स्वतःहून मागे घेतली नाही, समितीच नाकारते. तेव्हा तोच अर्ज तीनशे बारासाठी नव्यानं भरा. मी भरला. रकाना पंचवीसमध्ये 'निरीक्षकाने हा पक्षी पूर्वी पाहिला आहे काय?' याला लिहिलं, 'होय, तीनशे चौदा म्हणून.' आईचं नाव या वेळी मीच हातानं लिहिलं. ती म्हणाली, "तीनशे बाराला टाइप कशाला?"

साक्षीदारांचे जबाबही नव्यानं लागत होते. दंतवैद्य काकांना पराभव मान्य नव्हता. "मी म्हणत होतो, चोच बघ." मी म्हटलं, "चोच बघून तुम्ही तीनशे चौदाच सांगितलं होतं." ते म्हणाले, "तुझी पट्टी बघून सांगितलं." मावशींनी जुनाच जबाब पुन्हा उतरवून दिला. त्यांच्या मते त्यात बदलण्यासारखं काही नव्हतं, आणि मला वाटतं संपूर्ण प्रकरणात तेवढा एकच कागद दोन्ही वेळा बरोबर होता.

साहेब परत आले. त्यांनी निकालपत्र वाचलं, दहा वाचनं स्वतः मोजून पाहिली, खाली 'ठीक' लिहिलं आणि माझी पट्टी नापास मापांच्या काचेच्या कपाटात ठेवून दिली. तिथं प्रत्येक वस्तूखाली चिठ्ठी असते. माझ्या पट्टीखाली 'मालक: स्वतः तपासनीस' असं आहे. नवीन माणसं आली की साहेब त्यांना कपाटापाशी नेतात आणि मला हाक मारतात. महिनाअखेर मला कायम केलं. त्याचा याच्याशी संबंध होता का, हे मी विचारलं नाही.

मफलरवाला फेब्रुवारीच्या एकोणिसाव्या दिवसापर्यंत येत राहिला. आई त्याला आधीसारखेच दाणे घालत होती. फक्त कुणी "तुमचा तो दुर्मीळ पक्षी" म्हटलं की ती म्हणे, "दुर्मीळ नाही, साधा आहे," आणि खिडकी लावून घेई.

जूनमध्ये समितीचा वार्षिक अहवाल आला. चौकट होती, त्यात दुसऱ्याच कुणाच्या तळ्यावरचं बदक होतं. तीनशे बारा सत्तावीस नंबरच्या पानावर होता, दोन ओळींत. 'संपूर्ण हिवाळाभर सर्वत्र. नोंद करणारे:' आणि त्यापुढे तीन नावं, तिन्ही समितीच्या सदस्यांची, आणि मग 'आणि इतर सेहेचाळीस.'

आईनं ती ओळ चष्मा लावून वाचली आणि चष्मा काढून वाचली. अहवाल घेऊन ती कुंपणाशी गेली. दंतवैद्य काका झाडांना पाणी घालत होते. तिनं पान उघडून त्यांच्यापुढे धरलं.

काकांनी वर-खाली पाहिलं. "यात तुमचं नाव कुठं आहे, वहिनी?"

"हे," आई म्हणाली आणि 'आणि इतर'वर बोट ठेवलं.

"अच्छा. म्हणजे मीसुद्धा आहे त्यात."

"तुम्ही फोटोवाले. फोटोवाले यात येत नाहीत. हे बघणाऱ्यांचं आहे."

काका म्हणाले, त्या सेहेचाळिसांत तुम्ही तरी आहात कशावरून? प्रश्न थेट रकाना पंचवीसमधला होता. ती आत आली आणि मला म्हणाली, "त्या औषधवाल्यांना फोन लाव. मी आहे ना त्यात, विचार."

मी फोन लावला. सचिवांनी एका गिऱ्हाइकाला खोकल्याचं औषध दिलं, मग फाइल काढली. कागद उलटल्याचा आवाज बराच वेळ येत होता. अर्ज आल्या तारखेनं लावलेले होते आणि ते बोटानं मोजत होते. मध्येच कुणीतरी पट्टी मागितली, जखमेला बांधायची, आणि त्यांना पहिल्यापासून मोजावं लागलं.

"आहे," ते म्हणाले. "सेहेचाळिसांत एकतिसाव्या."

मी फोन ठेवला आणि आईला सांगितलं. ती ओट्याशी उभी होती. क्षणभर तिचे ओठ हलले. आकडे लावताना ती तसं करते.

"म्हणजे माझ्यामागे पंधरा जण आहेत," आई म्हणाली, आणि कुंपणापलीकडे काका अजून आहेत का ते बघायला गेली.